चाळीस वॅटची ऊब

गल्लीत तिला एलईडीबाई म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नुसतं 'ताई' म्हटलं की ती जरा खट्टू व्हायची. आठ महिन्यांपूर्वी तिने वीजबचतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळवलं, आणि तेव्हापासून ती गल्लीतल्या चोवीस घरांच्या हात धुवून मागे लागली होती. कुणाच्या फ्रिजच्या दारात कागद धरून फट शोध, कुणाचा टीव्ही रिमोटने बंद असला तरी भिंतीवरचं बटण खाली कर, कुणाला 'रोज एक शर्ट नाही, आठवड्याची इस्त्री एकदम' असा दम दे. आणि जुना, पिवळा, तारेचा बल्ब दिसला की मग तिच्या अंगातच यायचं. स्टुलावर चढायचं, तो पिळून काढायचा, एलईडी लावायचा, जुना खोक्यात टाकायचा आणि दारावर हिरवा स्टिकर चिकटवायचा: 'या घरात जुना बल्ब नाही.'

तेवीस दारांवर स्टिकर लागला होता. चोविसावं दार तिचं स्वतःचं होतं, आणि ते कोरं होतं.

त्याला कारण होते तिचे सासरे. अण्णांनी चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती त्यांच्या बोटांतून गेली नव्हती. मुळात ते मितभाषी. सासूबाई गेल्यावर तर दोन वर्षं ते बोलण्यापेक्षा ठोकूनच जास्त सांगत. टेबलावर बोटाच्या पेराने एक टकटक म्हणजे सिंगल बेल: थांबा, नको. दोन टकटक म्हणजे डबल बेल: चालू द्या. आमटीत मीठ बरोबर आहे का, डबल बेल. डॉक्टरकडे जायचं का, सिंगल बेल. एलईडीबाईच्या मोहिमेला आठ महिन्यांत एकदाही डबल बेल मिळाली नव्हती. "अण्णा, अडगळीच्या खोलीतला दिवा बदलू का?" असं तिने गेल्या पंधरा दिवसांत तीनदा विचारलं आणि तीनदा एकच ठोका ऐकला. तिने ते मनाला लावून घेतलं होतं. सगळी गल्ली तिचं ऐकत होती आणि घरातला म्हातारा ऐकत नव्हता, हे काही तिला पचत नव्हतं.

रविवारी अकरा वाजता तिच्या आयुष्यातला मोठा दिवस उगवणार होता. गच्चीवर सौर पॅनेल बसून झाली होती, तारा खाली आल्या होत्या. वीज कार्यालयाचे साहेब येऊन जुना मीटर काढणार आणि येणारी-जाणारी दोन्हीकडची वीज मोजणारा नवा मीटर लावणार, एवढंच उरलं होतं. साहेबांची तारीख मिळायला तीन महिने लागले होते. आणि तेवीस घरं कुंपणावर बसून होती. "आधी तुमचं चालू होऊ दे, मग आम्ही सौरच्या अर्जावर सही करतो," असं प्रत्येकाने हसून सांगितलं होतं. तिचं चालू झालं तर गल्ली तिची होती. रखडलं तर तेवीस जण तेवीस कारणं शोधायला मोकळे.

म्हणून शनिवारी संध्याकाळी तिने घर झोपवलं. हा तिचा ठरलेला खेळ होता. फ्रिजसकट सगळं बंद करायचं आणि मीटरवरच्या लाल ठिपक्याकडे बघत उभं राहायचं. घर खरंच झोपलं असेल तर ठिपका मिचकत नाही. तिचं घर मात्र झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं. दर अर्ध्या मिनिटाने ठिपका डोळा मारत होता. तिने घड्याळ लावून हिशेब केला आणि ओठ आवळून म्हणाली, "चाळीस वॅट. सापडलास!"

अडगळीच्या खोलीत, मोठ्या ट्रंकेमागे, घोंगडीत गुंडाळलेला एक लाकडी खोका होता. त्याच्या वरच्या भोकावर पत्र्याचं टोपण होतं आणि टोपणाखाली पिवळा बल्ब ऐटीत जळत होता. तिची बोटं पोळली, पण तिने हूं की चूं केलं नाही. बल्ब काढला, साडेचार वॅटचा एलईडी लावला, टोपण बसवलं. खाली खोक्यात काय आहे ते तिने बघितलंही नाही; जिंकल्याच्या भरात माणूस कुठे खाली बघतो? दिवा बंद करण्याचाही मोह झाला होता, पण तिने मोठ्या मनाने तो आवरला. अण्णांचा दिवा अण्णांना असू दे, नुसता शहाणा करून ठेवू, असं म्हणून ती स्वतःच्या समजूतदारपणावर खूश झाली.

तेवढ्यात जुने बल्ब न्यायला आलेला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवत होता. ती चपला न घालता धावली आणि तो शेवटचा बल्ब स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवून आली. परत येऊन तिने आपल्या दारावर चोविसावा स्टिकर लावला आणि दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली. नवरा म्हणाला, "आता हार घालतेस का त्याला?"

रविवारी सकाळी आठ वाजता अडगळीच्या खोलीतून असा आवाज आला की नवऱ्याच्या हातातला कप बशीसकट उडाला.

अण्णा जमिनीवर बसले होते. खोक्याचं झाकण उघडं होतं, आत गवतावर अकरा अंडी होती, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर घातलेला होता, आणि वर तो साडेचार वॅटचा दिवा लख्ख पांढरा उजेड पाडत होता.

"कुणी?" अण्णा म्हणाले. महिनाभरातला त्यांचा हा बहुधा पहिला शब्द. मग त्यांनी सुनेकडे बघितलं आणि उत्तर त्यांना मिळालं.

"अण्णा, हे... हे काय आहे?"

"तुझ्या सासूच्या पट्टेरी कोंबडीची अंडी. कोंबडी मांजराने नेली. विसावा दिवस आहे आज. उद्या बाहेर येणार होती." अण्णांनी खोक्याच्या फटीकडे बोट केलं. "रात्री फटीतून उजेड दिसला. म्हटलं, दिवा चालू आहे, म्हणजे ऊब आहे. शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नसतं, म्हणून हात घातला नाही. सकाळी टोपणाला हात लागला तर ते गार. या दिव्याला ऊबच नाही गं! नुसता उजेड!"

 हेच वाक्य एलईडीबाई आठ महिने घरोघर सांगत आली होती: उष्णता वाया घालवत नाही, सगळी वीज उजेडाला. कौतुकाने सांगत आली होती.

"मला सांगायचं तरी ना, अण्णा."

"सांगितलं असतं तर तू वॅट विचारले असतेस."

 तिने नक्कीच विचारले असते. तिने गवतात हात घातला. अंडी थंडगार नव्हती; घोंगडीने आणि पिल्लांच्या एकमेकांच्या उबेने थोडं सांभाळलं होतं. पण कोमटही म्हणवत नव्हती. तिने तोच एलईडी खोक्यातून बाहेर ओढला, एक नंबरचं अंडं त्याच्यासमोर धरलं, आणि अण्णांनी हाताचा आडोसा केला. कवच उजळलं. आत मोठी काळी सावली होती.  सावलीचा एक कोपरा हलला.

"आहे!" ती किंचाळली.

"ओरडू नको, घाबरेल," अण्णा म्हणाले, पण त्यांचे डोळे भरले होते. तिने एकामागून एक अकराही बघितली. सगळी हलत होती. त्या दिव्याने निदान एवढं तरी केलं.

आता हवा होता एक जुना बल्ब. तारेचा, पिवळा, निर्लज्जपणे गरम होणारा. नवऱ्याचं कोपऱ्यावर केशकर्तनालय होतं. तो धावत जाऊन तिथला केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला आणि खोक्यावर लांबून वारा धरून बसला. ड्रायर बाराशे वॅटचा. मीटरवरचा लाल ठिपका आता मिचकत नव्हता, थरथरत होता. एलईडीबाईने त्याच्याकडे पाठ केली आणि गल्लीत धाव घेतली.

"जुना बल्ब आहे का?" तिने पहिल्या दारात विचारलं.

"छे छे!" पाववाल्याने छाती पुढे काढली. "एकही नाही. या, आत येऊन बघा हवं तर."

"अहो, मला खरंच हवा आहे."

"समजलो, समजलो," पाववाला डोळे मिचकावत म्हणाला. "साहेब येणार म्हणून तपासणी ना? आपलं घर पास आहे!"

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तर त्यांनी तिला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेऊन दाखवलं. ती जितकी काकुळतीला येऊन विचारत होती तितके लोक छातीठोकपणे नाही म्हणत होते. "एका बल्बसाठी मी पाया पडते," ती म्हणाली, तर समोरचा हसून म्हणाला, "एलईडीबाई, तुम्ही नाटकात काम करायला हवं!" आठ महिन्यांत गल्ली तिने इतकी तयार केली होती की आता तिलाच तिच्यात शिरायला फट सापडत नव्हती. शेवटचं दार शेजारच्या मास्तरीणबाईंचं. चाळीस वर्षं गणित शिकवून त्यांचा चेहराच कडक झाला होता. त्यांनी दार बोटभर उघडलं, तिचा प्रश्न ऐकला, एकदा मागे स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "शून्य." दार बंद झालं.

साहेब वेळेआधी आले. शिडी, अवजारांची पिशवी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्यांच्यामागे अख्खी गल्ली तमाशा बघायला अंगणात जमली.

"चला, मेन स्विच खाली करा. चाळीस मिनिटं घरात वीज नाही," साहेब म्हणाले.

आतून ड्रायरची घरघर येत होती. एलईडीबाई मेन स्विचसमोर जाऊन उभी राहिली. आठ महिने, तीन महिन्यांची तारीख, तेवीस सह्या. तिने ओळखपत्र मुठीत घट्ट धरलं. तिला रडू येत होतं आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

"साहेब, आज नको," ती म्हणाली. "वीज बंद करता येणार नाही. घरात अकरा जीव आहेत."

"पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी मिळेल, बाई."

"असू दे."

गल्लीत कुजबूज झाली. पाववाला पुटपुटला, "बघा, मी म्हणतच होतो, काहीतरी गडबड असते यात." तिने ते ऐकलं आणि तरी ती हलली नाही.

तेव्हा दारातून अण्णा बाहेर आले. त्यांच्या हातात खोका होता. त्यांनी सुनेकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि चौतीस वर्षांचा आवाज त्यांच्या नरड्यातून धो धो बाहेर पडला.

"गाडी थांबणार नाही! प्रवासी उभ्याने जातील! चला, चला, दारात गर्दी करू नका, पुढे सरका! ज्याच्या अंगात ऊब आहे त्याने पुढे या!"

कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पाववाल्याच्या दोन्ही काखांत एकेक अंडं ठेवलं. "तीन नंबर, चार नंबर. हात घट्ट, श्वास सावकाश." पाववाला हात आखडून असा उभा राहिला की त्याला नाक खाजवायचीही चोरी झाली. सुनेला एक आणि दोन, तेही पोटाशी शालीत. मुलाला पाच आणि सहा. अण्णांनी स्वतः सात आणि आठ बनियनच्या आत सोडली. मास्तरीणबाई मागे सरकत होत्या, त्यांना नऊ आणि दहा.

"मला कशाला?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुमच्याच कोंबड्याचा प्रताप आहे हा. रोज भिंतीवरून यायचा आमच्या पट्टेरीकडे."

मास्तरीणबाईंनी ओंजळीतल्या अंड्यांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विरघळलं. "म्हणजे ही माझी नातवंडं?"

"म्हणजे आपण व्याही झालो, विहीणबाई. पुढे सरका."

अकरावं अंडं अण्णांच्या हातात उरलं. अंगणात पोरासोरांसकट बरेच जण होते, पण जो तो खो खो हसत होता आणि हसणाऱ्याच्या काखेत अंडं द्यायला अण्णा तयार नव्हते. साहेब मात्र हसत नव्हते. त्यांनी हेल्मेट काढलं. आत पट्ट्यांची जाळी होती आणि तिच्याखाली साहेबांचं गुळगुळीत, घामेजलेलं, चांगलंच तापलेलं टक्कल.

"द्या इकडे," साहेब म्हणाले. "माझ्या डोक्याला कायमच उष्णता असते, बायको म्हणते."

अण्णांनी रुमालात गुंडाळून अकरा नंबर त्यांच्या टाळूवर बसवला, वरून हेल्मेट हळूच ठेवलं आणि पट्टा आवळला. साहेबांनी मेन स्विच खाली केला आणि पाण्याची घागर डोक्यावर असावी तसे मान ताठ ठेवून शिडी चढले.

त्या चाळीस मिनिटांचं वर्णन गल्लीत पुढे ज्याने त्याने आपापल्या परीने केलं. साहेब खाली बघू शकत नव्हते, म्हणून पाना कुठला, स्क्रू कुठला ते नवऱ्याने दोन अंडी सांभाळत सांगायचं. पाववाल्याला शिंक आली आणि पंचवीस माणसांनी एका सुरात "नाही!" म्हटलं, शिंक परत गेली. अण्णा फेऱ्या मारत होते: "सात-आठ ठीक. तीन-चार, हात सैल सोडू नका. नऊ-दहा, रडू नका, अंडी ओली होतील."

कारण मास्तरीणबाई खरंच रडत होत्या.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एक आहे. पिठाच्या डब्यात लपवलाय. मला पांढऱ्या उजेडात माझाच चेहरा बघवत नाही, म्हणून ठेवला होता. वाटलं, तू तो घेऊन जाशील."

एलईडीबाई शाल धरून त्यांच्याजवळ गेली. तिला त्यांना मिठी मारायची होती, पण मधे चार अंडी होती. "मी नेला असता," ती म्हणाली. "अगदी नक्की नेला असता. चुकलंच माझं."

"नवा मीटर बसला," शिडीवरून साहेब म्हणाले. "आता फक्त स्विच वर उचलायचा..." आणि ते मधेच थांबले. हात स्विचवर, डोळे विस्फारलेले.

"काय झालं?" एलईडीबाईने विचारलं. 

"माझ्या डोक्यावर कुणीतरी ठोकतंय."

 अण्णा शिडीच्या पायाशी आले. "किती वेळा?"

साहेबांनी डोळे मिटले. "एकदा." सुनेने अण्णांकडे बघितलं, अण्णांनी सुनेकडे. मग साहेब म्हणाले, "पुन्हा ठोकलं. दोनदा!"

"डबल बेल!" अण्णा ओरडले. त्यांनी वाकून शिडीच्या दांड्यावर पेराने ठोकलं, दोनदा, असं की दांडा घुमला. "डबल बेल दिली त्याने! सूनबाई, काय बघतेस? चालू कर गाडी!"

साहेब शिडीवरून बाजूला झुकले आणि तिने शालीतून एक हात काढून स्विच वर उचलला. नव्या मीटरवर आकडे उमटले. लख्ख ऊन गच्चीवर पडत होतं, घरात एकही दिवा लागलेला नव्हता, आणि मीटरवरचा बाण बाहेरच्या दिशेला वळला. घर वीज घेत नव्हतं, देत होतं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या काखेत अंडी होती त्यांनी पाय आपटले.

मास्तरीणबाई पिठाने माखलेला बल्ब घेऊन आल्या. एलईडीबाईने तो फुंकर मारून पुसला, आपल्याच हाताने खोक्यावर लावला आणि बटण दाबलं. पिवळा, गरम, उधळा उजेड गवतावर पडला. बाण जेमतेम थरथरला आणि बाहेरच्याच दिशेला राहिला. उन्हात चाळीस वॅटची त्याला काय पर्वा. एकेक प्रवासी नंबराप्रमाणे परत खोक्यात उतरला. अकरा नंबरचं कवच तोवर इतकं फुटलं होतं की साहेबांचं हेल्मेट काढताना आतून ओलं, पट्टेरी, चिडलेलं डोकं बाहेर आलं आणि त्याने सगळ्यांवर एक चिवचिवाट केला.

साहेबांना जायला दोन तास उशीर झाला, कारण ते पाच नंबर आणि नऊ नंबर बघायला थांबले. तेवढ्या वेळात पाववाल्याने सहीचा कागद मागून घेतला आणि त्याच्यामागे रांग लागली.

संध्याकाळी एलईडीबाई स्टूल घेऊन आपल्या दाराशी गेली. चोविसावा स्टिकर खोटा ठरला होता, म्हणून तो काढायला तिने नखाने कोपरा उचलला. मागून टेबलावर एक ठोका पडला. सिंगल बेल. तिने वळून बघितलं, तर अण्णा टेबलाशी बसले होते, बनियनच्या गळ्यातून अकरा नंबर डोकावत होता, आणि त्यांच्या हातात अंड्यांवर नंबर घालायची ती पेन्सिल होती. त्यांनी ती तिच्यापुढे केली. तिने पेन्सिल घेतली, कोपरा पुन्हा दाबून बसवला आणि 'या घरात जुना बल्ब नाही' याच्या खाली लिहिलं, 'एक सोडून.'

"बरोबर आहे का, अण्णा?"

अण्णांनी हात उचलला, मग तो तसाच खाली ठेवला. "बरोबर आहे, पोरी," ते तोंडाने म्हणाले.